सुटे नाहीत, उद्या या

१

परक्या देशात गेलं की म्हातारा माणूस पुन्हा लहान होतो. रस्ता ओलांडायला शिकतो, नळ कुठल्या बाजूला फिरवायचा ते शिकतो, आणि खिशात पैसे असूनही तळहात पसरून उभा राहतो, की बाई गं, यातले तुझे तू घे. मास्तरांचं तसंच झालं होतं.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. शाळेशी त्यांचं चौथीतच फाटलं. ते कपडे शिवायचे, आणि शिंप्याला लोक मास्तर म्हणतात, म्हणून मास्तर. त्यांच्या बायकोला मात्र कुणी मास्तरीण म्हटलं नाही. ती सगळ्यांची काकू. लेक नोकरीपायी लांबच्या देशात जाऊन राहिली होती. तिनं तिकिटं पाठवली आणि दोघं थोड्या महिन्यांसाठी तिच्याकडे आली.

घर दुसऱ्या मजल्यावर. पुढच्या खोलीला मोठी खिडकी, खिडकीखाली फरसबंद आवार, आवारात भिंतीला टेकवलेल्या सायकली. कोपऱ्यावर पावाचं दुकान. रोज सकाळी पाव आणायचं काम मास्तरांनी लेकीकडून मागून घेतलं होतं. नुसतं बसून खाल्लेलं अंगी लागत नाही, असं त्यांचं म्हणणं.

अडचण पैशांची होती. नोटा रंगावरून ओळखता येत, पण नाण्यांवरचे आकडे निराळे, आणि मोठं नाणं कमी किमतीचं, छोटं जास्त, असा उलटा कारभार.

"बाबा, तुम्ही डोकं चालवू नका," लेक म्हणाली. "नोट द्यायची, उरलेले घ्यायचे, मान हलवायची, चालू लागायचं."

"म्हणजे मी नुसता हमाल."

"हमालच बरे. हिशेब करत बसलात तर मागची रांग आवारापर्यंत येईल."

"आधीच खिसे बघा त्यांचे," काकू मधेच म्हणाली. "चालताना वाजतात. बैल आला की काय वाटतं."

रोज नोट मोडायची आणि रोज चिल्लर आणायची. मास्तर नाण्यांना गुंड्या म्हणत. संध्याकाळी खिसे उलटे करून सगळ्या गुंड्या खिडकीतल्या वाडग्यात ओतत.

एका सकाळी नोटा संपलेल्या. लेक आंघोळीला गेली होती, आणि काकूच्या बटव्यात लेकीनं हौसेनं घातलेली थोडी नाणी होती. मास्तरांनी बटवा उचलला आणि गेले. रांगेत मागं एक बाप कडेवरच्या रडक्या पोराला हलवत उभा होता. मास्तरांना घाई झाली. चष्मा घरी. अंगठ्यानं चाचपून त्यांनी बटव्यातली नाणी दुकानातल्या ताटलीत ठेवली. दुकानदारीण जाड बांध्याची, कधी मान वर न करणारी. तिनं त्यातलं एक उचलून जरा वेळ हातात धरलं. मग गल्ल्यात न टाकता शेजारच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात टाकलं, आणि त्याच डब्यातून एक पिवळं नाणं काढून मास्तरांपुढं सरकवलं.

मास्तरांनी मान हलवली आणि चालू लागले.

२

"माझं नाणं कुठंय?" काकूनं विचारलं.

बटवा मांडीवर पालथा होता. मास्तरांच्या हातातला पावाचा तुकडा तसाच राहिला.

त्या नाण्याची गोष्ट लेकीलाही माहीत नव्हती. मास्तर तेव्हा तरुण होते, दुसऱ्याच्या दुकानात मशीनवर बसत. एक मुलगी पोलकं शिवायला आली. पोलकं घेऊन तिनं पैसे दिले, तेव्हा तिला एक नाणं परत द्यायचं होतं. ते मास्तरांच्या खिशात होतं, पण तिनं पुन्हा यावं म्हणून ते म्हणाले, "सुटे नाहीत, उद्या या." ती दुसऱ्या दिवशी आली. पुन्हा तेच, सुटे नाहीत, उद्या या. तिसऱ्या खेपेला ती हसली आणि म्हणाली, "मास्तर, तुमच्याकडे सुटं कधी नसतंच. एकदाचं बांधून तरी घ्या."

लग्न झाल्यावर त्यांनी ते नाणं तिच्या हातावर ठेवलं. घे बाई तुझे उरलेले. ती म्हणाली, "ठेवते, पण खर्चायची नाही. हे ज्या दिवशी खर्चलं त्या दिवशी हिशेब मिटला, आणि मी सुटले."

थट्टेतलं बोलणं. पण बटवे बदलले, घर बदललं, नाणं बाजारातून हद्दपार झालं, तरी तिनं ते सोडलं नव्हतं.

"मी..." मास्तर म्हणाले, "अंगठ्याला सारखंच लागलं गं."

काकू जराशी हसली. "जन्मभर सांभाळलं आणि पावावर घालवलंत. निदान लोण्याचा तरी आणायचा."

"दुकान काय पळून जातंय? आणतो परत. हे बघ, बदल्यात तिनं हे दिलंय."

त्या पिवळ्या नाण्यावर एका बाईचं डोकं होतं. बाजूनं दिसणारं, जसं नाण्यांवर असतं तसं. एक डोळा, एक कान, वर उचललेली हनुवटी, मागं अंबाडा. नाक थेट नाण्याच्या काठाला भिडलेलं.

"कोण ही?"

"असेल कुणी राणी-बिणी."

"राणी दिसते खरी. बाजू दाखवून बसलीय, कुणाकडं बघायला नको."

"आमची राणी तशी नाही हो," मास्तर तिला खुलवायला म्हणाले. "काय असेल ते तोंडावर बोलते."

यावर काकूकडून उत्तर यायला हवं होतं. आलं नाही. ती उठली, खुर्ची ओढत खिडकीशी नेली, आणि खोलीकडे पाठ करून बसली.

रुसली, मास्तरांच्या मनात आलं. रुसू दे. हक्क आहे तिचा.

३

दुसऱ्या दिवशी ते लेकीला सोबत घेऊन दुकानात गेले. पाव गरम होता, काचेवर वाफ धरली होती. मास्तरांनी पिवळं नाणं पुढं धरलं आणि लेकीनं तिथल्या भाषेत सगळं सांगितलं. दुकानदारीण पाव कागदात गुंडाळत होती. वर न बघता तिनं एकच वाक्य म्हटलं.

"काय म्हणाली?"

"म्हणते, आत्ता सुटे नाहीत, उद्या या."

मास्तरांना कुणी थंड कात्री मानेवर टेकवावी तसं झालं.

"मी कुठं सुटे मागतोय? मी माझं नाणं मागतोय."

"मी तेच सांगितलं, बाबा. गर्दीत तिला नीट कळलं नसेल."

"आईनं तुला काही सांगितलंय का? आमच्या लग्नाचं वगैरे?"

"लग्नाचं? पावाच्या दुकानात?" लेक हसायला लागली. "चला, मला उशीर होतोय."

सगळ्या जगात दुकानदार हेच म्हणतात, मास्तरांनी स्वतःला समजावलं. सुटे नाहीत, उद्या या. माझ्या एकट्याच्या मालकीचं वाक्य आहे का ते?

त्यानंतर ते रोज विचारत राहिले, खुणा करून, पिवळं नाणं पुढं धरून. रोज तेच वाक्य. भाषा येत नसली तरी त्या वाक्याचा आवाज त्यांना पाठ झाला, आणि घरी येताना ते ओठांत घोळू लागलं.

४

पिवळं नाणं ते सदऱ्याच्या खिशात वेगळं ठेवत, वाडग्यातल्या गुंड्यांत मिसळायला नको म्हणून. बसल्या बसल्या त्यावरून अंगठा फिरवायची सवय लागली. शिंप्याचा अंगठा तो. कापडाची वीण अंधारातही सांगणारा.

एके दुपारी अंगठा थबकला. नाक काठाला लागलं नाही. काठ सोडून थोडं आत आलं होतं.

त्यांनी चष्मा लावला, नाणं उजेडात धरलं. बाई होती तशीच. हनुवटी वर, अंबाडा मागं. फक्त नाकापलीकडं आता थोडा गाल दिसत होता, आणि त्या गालावर दुसऱ्या पापणीची बारीकशी रेघ.

आधीही असेल. आधी कुठं इतकं निरखून बघितलं होतं? डोळे म्हातारे झाले, ऊन तिरपं आहे, आणि सध्या मनाला दुसरा चाळा नाही.

"अगं, जरा बघ गं हे," ते म्हणाले.

"उद्या बघते," काकू म्हणाली. खिडकीकडं तोंड करूनच.

आवाज तिचाच. पण ती अशी बोलणारी नव्हती. "अहो"शिवाय तिचं वाक्य सुरू होत नसे आणि टोमण्याशिवाय संपत नसे. हल्ली ती हो म्हणे, नको म्हणे, नाहीतर उद्या म्हणे. जेवायचं ताटही तिला खिडकीशी लागायचं. रात्री ती भिंतीकडं कूस करून झोपे, आणि मास्तर जागे व्हायच्या आत जाऊन खुर्चीत बसलेली असे.

"आईला घरची आठवण येतेय," लेक हळूच म्हणाली. "करमत नाही तिला. डॉक्टरला दाखवू का?"

"रुसलीय," मास्तर म्हणाले. "माझ्यावर. निघेल समजूत."

रुसवा काढायचे सगळे उपाय त्यांना ठाऊक होते. ते तिच्या मागं जाऊन उभे राहिले. म्हटलं, खांद्यावर हात ठेवावा, काहीतरी वेडंवाकडं बोलावं, की ती फणकारून वळेल.

हात खांद्यावर ठेवायच्या आधी त्यांनी खांद्याकडं पाहिलं, सवयीनं. तिचं प्रत्येक पोलकं त्यांनीच शिवलं होतं. तिचा डावा खांदा सूतभर खाली होता. लेकीला कायम त्याच कडेवर घेतलं म्हणून तसा झाला, असं ती सांगायची. माप न घेता मास्तर डावी बाजू तेवढी उतरती कापत आले होते.

समोरचे खांदे फळीसारखे सरळ होते. पोलकं डाव्या खांद्यावर ताण पडून वर ओढलं गेलं होतं.

मास्तरांनी हात मागं घेतला.

५

परतीचे दिवस जवळ आले तसा लेकीला वाडगा आठवला.

"बाबा, ही नाणी आपल्याकडं कुणी बदलून देत नाही. नोटा बदलतात, नाणी नाही. इथंच संपवायला हवीत. मोठ्या दुकानात मशीन आहे. त्यात चिल्लर ओतली की नोट मिळते."

"आख्खी नोट?"

"आख्खी. तुम्ही इतके दिवस मोडलेल्या नोटा पुन्हा जोडून देतं म्हणा ना."

मास्तर गेले तिच्याबरोबर. मशीनला घमेल्यासारखं तोंड होतं. लेकीनं वाडगा ओतला, आतून खडखड सुरू झाली. जुन्या शिलाई मशीनसारखाच आवाज. मास्तरांना बरं वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी ओळखीचं ऐकू येत होतं. ते ऐकत असताना लेकीनं त्यांच्या वरच्या खिशात हात घातला.

"हे राहिलंच की," ती म्हणाली आणि पिवळं नाणं आत टाकलं.

"अगं, नको!"

इतक्या जोरात ते ओरडले की शेजारची माणसं वळून बघायला लागली. मास्तरांनी मशीनच्या तोंडात मनगटापर्यंत हात घातला होता. लेक घाबरून त्यांचा दंड ओढत होती.

"बाबा! हात अडकेल! एका नाण्यासाठी?"

मशीन थांबलं. खालच्या फटीतून एकच नाणं बाहेर आलं. पिवळं.

लेकीनं ते उचलून उलटसुलट केलं. "घेतलं नाही त्यानं. बाबा, हे इथलं नाणंच नाहीये. यावर आकडाच नाही. कुठल्या देशाचं आहे?"

मास्तरांनी ते तिच्या हातातून घेतलं आणि मुठीत दाबलं. छापा त्यांनी तिला नीट बघू दिला नाही. कारण मुठीत घेताना अंगठ्याला दोन डोळे लागले होते, आणि काठालगत, मानेच्या खाली, दोन खांदे. डावा जरासा उतरता.

६

एवढं झालं तरी मास्तरांचं डोकं ठिकाणावर होतं. ते वेडे नव्हते. एक सोपी गोष्ट आपण केलीच नाही, असं त्यांना त्या दुपारी सुचलं. खोलीतून पाठ दिसते, तर खाली आवारात जावं. खिडकीतून बघणाऱ्या माणसाचं तोंड बाहेरून दिसणारच. बायकोचं तोंड एकदा दिसलं की झालं, ही सगळी जळमटं निघतील.

जिना उतरून ते आवारात आले. ऊन स्वच्छ होतं. कुणाच्या तरी घरात भांडी विसळल्याचा आवाज येत होता. सायकलींजवळ उभं राहून त्यांनी वर पाहिलं.

काकू खिडकीत होती. बाजूनं दिसत होती. एक डोळा, एक कान, हनुवटी वर.

तिरकस बसली असेल. मास्तर भिंतीच्या कडेकडेनं आवाराच्या दुसऱ्या टोकाला गेले. आता तोंड समोरून दिसायला हवं होतं.

एक डोळा, एक कान, हनुवटी वर.

ते परत पहिल्या जागी आले. मधोमध उभे राहिले. एक सायकल धक्का लागून पडली आणि तिची घंटी वाजली. त्या आवाजासरशी कुणीही खाली बघितलं असतं. खिडकीतली बाई समोरच बघत होती, बाजूनं. आवारात कुठंही उभं राहावं, तिची तीच एक बाजू. तिच्या नाकापुढं लगेच खिडकीची चौकट होती. नाक चौकटीला भिडलेलं.

मास्तरांनी मान खाली घातली. पडलेली सायकल उचलून भिंतीला टेकवली. ती नीट उभी आहे ना, हे बघत ते बराच वेळ तिथंच वाकून राहिले.

७

जायच्या दिवशी सकाळी पाव आणायची गरज नव्हती. तरी मास्तर गेले.

दुकानात कुणी नव्हतं. त्यांनी पिवळं नाणं ताटलीत ठेवलं, पण त्यावरचं बोट उचललं नाही.

"बाई," ते सरळ मराठीत म्हणाले, "उद्या मी नाही. आज द्या. पाया पडतो."

दुकानदारिणीनं पत्र्याचा डबा पुढं ओढला आणि झाकण उघडलं. आत नाणीच नाणी होती. चौकोनी, भोकाची, दातेरी काठाची, कुठल्या कुठल्या मुलखांतली. त्यातल्या एकावरही आता काही उमटलेलं नव्हतं. सगळी कुणी ना कुणी वर्षानुवर्षं खिशात जपलेली, बोटांनी घासून गुळगुळीत केलेली. अगदी वर काकूचं.

मास्तरांनी हात पुढं केला. झाकण हळूच बंद झालं.

मग तिनं मान वर केली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. तिच्या चेहऱ्यावर वाईटपणा नव्हता. ती हसत होती. ते हसू मास्तरांनी ओळखलं. खिशात नाणं असताना ते स्वतः एका मुलीकडं बघून तसंच हसले होते, तिनं पुन्हा यावं म्हणून. ती तेच वाक्य म्हणाली. या वेळी मास्तरांना अर्थ विचारावा लागला नाही.

घरी येऊन त्यांनी लेकीकडून सुईदोरा मागितला, आणि सदऱ्याच्या आत, छातीशी, एक चोरखिसा शिवला. अंगठा जाईल एवढीच फट ठेवली.

विमानतळावर काकू मुकाट चालत होती. मास्तर तिच्या डावीकडं चालत होते, त्यांना तिची एकच बाजू दिसत होती. उजवीकडं जाऊन बघायची त्यांना इच्छा झाली नाही. दाराशी लेकीनं आईला मिठी मारली आणि दचकून मागं सरली.

"आई, किती गार पडलीयेस गं! शाल आहे ना बरोबर?"

"उद्या," काकू म्हणाली.

लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं बापाला बाजूला घेतलं. "बाबा, मला हिचं काही ठीक दिसत नाही. आपल्याला बघून न बघितल्यासारखं करते. घरी गेल्या गेल्या डॉक्टरकडं न्या. न्याल ना?"

"नेतो."

"आणि तुम्ही मला नुसतं रुसलीय, रुसलीय काय सांगता? काय झालंय?"

काय सांगणार? मास्तरांचा उजवा हात सदऱ्याच्या आत होता. अंगठ्याखाली कपाळ होतं, दोन डोळे होते, जरासं बसकं, ओळखीचं नाक होतं. तोंड पूर्ण त्यांच्याकडं वळलेलं. आणि अंगठा ओला झाला होता. घाम असेल, त्यांच्या मनात आलं. पण अंगठा पुसून पुन्हा ठेवला तर पुन्हा ओला झाला. डाव्या डोळ्याखाली आधी, मग उजव्या. ती रडली की नेहमी असंच व्हायचं. आवाज नाही, काही नाही. हात लावला तरच कळायचं.

त्यांनी अंगठ्यानं ते हळूच टिपलं.

"आईला सांभाळा हं, बाबा," लेक म्हणाली.

काकू पुढं चालायला लागली होती, हनुवटी वर करून. मास्तर तिच्याकडं बघत नव्हते.

"सांभाळतोय," ते म्हणाले.